परक्या भांडणांचा समेट

स्कॉटलंडातील जमीनदाराला आपल्या गावच्या पाळकाची नेमणूक परस्पर करण्याचा हक्क असावा की नसावा, या प्रश्नाशी मुंबईच्या अंब्रोळीतील शाळेत इंग्रजी शिकावयास येणाऱ्या मुलांचा सुतराम संबंध नव्हता. परंतु १८ मे १८४३ रोजी एडिंबरो येथे याच प्रश्नावरून साडेचारशेहून अधिक पाळक राष्ट्रीय चर्चच्या महासभेतून उठून गेले, त्यांनी फ्री चर्चची स्थापना केली, आणि ती वार्ता येथवर पोहोचताच मुंबईतील स्कॉच मिशनचीही दोन शकले झाली. त्या वेळी हिंदुस्थानाबाहेर प्रवासात असलेले डॉ. जॉन विल्सन आणि मुंबईत मागे राहिलेले त्यांचे सहकारी यांनी फ्री चर्चचा पक्ष घेतला. परिणामी, ज्या नव्या इमारतीसाठी त्यांनी खटपट केली होती तिच्यावर पाणी सोडून त्यांना पुन्हा श्रीगणेशा करावा लागला. पुढे गंमत अशी झाली, की ज्या हक्कापायी ही फूट पडली तो हक्क पार्लमेंटाने १८७४ सालीच कायद्याने रद्द केला, तरी दोन्ही पक्षांचा बहुतांशी समेट व्हावयास १९२९ साल उजाडावे लागले. कारण मेले आणि कज्जा पंचावन्न वर्षे जगला.

मराठी मुलुखातील ख्रिस्ती पंथभेदांचा विचार करू जाणाऱ्याने ही हकीकत आरंभीच ध्यानात घ्यावी, कारण येथे आलेल्या बहुतेक भेदांची कुळकथा थोड्याफार फरकाने अशीच आहे. इंग्लंडच्या राजाने रोमची सत्ता झुगारली त्यातून निघालेले अँग्लिकन, बिशपाऐवजी वडीलमंडळाचा कारभार मानणारे प्रेस्बिटेरियन, वडीलमंडळाचाही अंमल नको, प्रत्येक मंडळी आपल्या जागी स्वतंत्र, असा आग्रह धरणारे काँग्रिगेशनल, तान्ह्या मुलाला दिलेला बाप्तिस्मा हा मुळी बाप्तिस्माच नव्हे असे म्हणणारे बॅप्टिस्ट: या सर्वांनी आपापल्या देशी कारावास, हद्दपारी आणि क्वचित देहदंडही सोसला होता, आणि त्यांच्या भेदांना त्या सोसण्याचे तेज होते. मराठी ख्रिस्ती माणसाने यांतील एकही भांडण उकरून काढले नव्हते. तरी ती सारी दत्तकाला कर्ज यावे तशी त्याच्या वाट्याला आली.

मिशनांनाही या अडचणीची जाणीव होती. एकाच गावच्या चावडीसमोर दोन उपदेशकांनी दोन प्रकारचा ख्रिस्त सांगावा हे बरे दिसत नाही, म्हणून त्यांनी मुलूख वाटून घेण्याची वहिवाट पाडली. १८१३ साली मुंबईस उतरलेल्या आणि १८३१पासून नगरास ठाण मांडलेल्या काँग्रिगेशनल पंथाच्या अमेरिकन मराठी मिशनाकडे नगर जिल्हा, दुसऱ्या अमेरिकन मिशनाकडे कोल्हापूर, स्टीफन हिस्लॉप १८४५ साली येऊन पोहोचले ते नागपूर स्कॉटलंडच्या फ्री चर्चकडे, नाशिक अँग्लिकनांच्या चर्च मिशनरी सोसायटीकडे, अशी ही वाटणी होती. तिने झगडे टळले हे खरे. परंतु एक विलक्षण गोष्टही घडली. माणूस प्रेस्बिटेरियन आहे की अँग्लिकन हे त्याच्या श्रद्धेवरून नव्हे, त्याच्या तालुक्यावरून ठरू लागले. नगरचा ख्रिस्ती गृहस्थ पोटासाठी नागपुरास गेला म्हणजे पंथही बदलत असे, आणि तसा बदल झाल्याचे त्याच्या गावीही नसे. वाटणीचे करार सर्वत्र पाळले गेले असेही नाही. १८७०नंतर अँग्लिकनांची दुसरी एक सोसायटी नगर जिल्ह्यात शिरली तेव्हा अमेरिकनांनी तक्रारींचा बराच कागद काळा केला. आणि जिल्ह्यातील अनेक गावांत एकाच वस्तीतील भाऊबंद दोन निरनिराळ्या प्रार्थनामंदिरांत जाऊ लागले.

या व्यवस्थेतील विसंगती ज्यांना प्रथम टोचली ते लोक मिशनच्या दप्तरातले नव्हते. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे अँग्लिकन पद्धतीने झाला. पुण्याच्या पंचहौद मिशनातील वाँटेजच्याच भगिनींमुळे त्या तेथवर गेल्या होत्या. परंतु एकदा धर्म स्वीकारल्यावर त्यातील कोणत्या पंथाचे मत प्रमाण मानावे, या प्रश्नाने त्यांना बराच काळ छळले. आपल्या आत्मनिवेदनात त्यांनी पंथोपपंथांच्या त्या बाजारात आपली बुद्धी कशी गोंधळून गेली हे स्पष्टपणे सांगितले आहे. हिंदू शास्त्रांतील परस्परविरोधी वचनांना कंटाळून आलेल्या या विदुषीसमोर तोच देखावा पुन्हा उभा राहावा, हा दैवदुर्विलासच म्हणावयाचा. केडगावच्या मुक्तिसदनाला त्यांनी कोणत्याही एका पंथाच्या दावणीला बांधले नाही, याचे मूळ या अनुभवात शोधले पाहिजे.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांची वाट निराळी होती. १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यानंतर त्यांनी जवळजवळ दोन तपे अमेरिकन मिशनाची चाकरी केली. १९१७ साली मात्र वेतन सोडून ते साताऱ्यास गेले आणि तेथे त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त एकत्र बसतील अशी ती कल्पना होती. मिशनऱ्यांच्या अनेक पिढ्यांनी ज्या कुंपणांची निगा राखली, त्यांतील एक-दोन नव्हे, सगळीच ओलांडण्याचा हा उद्योग! टिळक १९१९ साली निवर्तले आणि दरबार विस्कटला. तरीही तो वाया गेला असे म्हणवत नाही, कारण नगरास काम करणाऱ्या जे. सी. विन्स्लो या इंग्रज अँग्लिकन पाळकाच्या मनात टिळकांनी जी ठिणगी टाकली तिच्यातून १९२२ साली ख्रिस्त सेवा संघ हा आश्रम निघाला, आणि पुढे तो पुण्यास आला. काँग्रिगेशनल कवीची कल्पना अँग्लिकन पाळकाने उचलावी, यासाठी कोणा समितीला ठराव करावा लागला नव्हता. आणि टिळकांची पदे तर 'उपासना संगीत' या गीतसंग्रहातून सर्व प्रॉटेस्टंट मंडळ्यांत इतकी रुळली, की रविवारी सकाळी डोळे मिटून बसलेल्या परक्या माणसाला गायनावरून मंदिराचा पंथ ओळखता येऊ नये. ऐक्याच्या इतिहासात पेटी-तबल्याची गणना सहसा कोणी करीत नाही. मला ती करावीशी वाटते.

मात्र भक्तीने जे सहज साधते ते कागदावर उतरवताना किती सायास पडतात, हे पाहावयाचे तर दक्षिणेकडे वळले पाहिजे. मे १९१९मध्ये, म्हणजे ज्या महिन्यात टिळक गेले त्याच महिन्यात, तरंगंबाडी येथे तेहतीस पाळक जमले. त्यांतील दोन वगळता सारे हिंदी होते. त्यांचे अग्रणी वेदनायकम सॅम्युएल अझारिया हे १९१२ साली दोर्नकळचे बिशप झालेले पहिले हिंदी अँग्लिकन बिशप. आम्हांला विभागणाऱ्या भेदांना आम्ही जबाबदार नाही, ते आमच्यावर लादले गेले आहेत, अशा आशयाचे निवेदन त्या सभेने प्रसृत केले. आणि १९२७ साली लोझान येथे जगभरच्या धर्मपंडितांपुढे अझारियांनी बजावले, की ख्रिस्ती देशांत ही फूट दुबळेपणाचे कारण असेल, परंतु आमच्या देशी ती पाप आहे. तरंगंबाडीच्या सभेपासून वाटाघाटी, मसुदे, उपमसुदे, आक्षेप आणि आक्षेपांची उत्तरे यांत अठ्ठावीस वर्षे गेली. अझारिया १ जानेवारी १९४५ रोजी वारले. २७ सप्टेंबर १९४७ रोजी, स्वातंत्र्याच्या सातव्या आठवड्यात, मद्रासच्या सेंट जॉर्ज कॅथीड्रलमध्ये चर्च ऑफ साउथ इंडियाचा जन्म झाला, तो त्यांना पाहावयास मिळाला नाही.

सर्वांत मोठे कोडे बिशपांचे होते. ख्रिस्ताच्या प्रेषितांपासून हस्तस्पर्शाची परंपरा अखंड चालत आलेल्या बिशपाने दीक्षा दिली तरच पाळक खरा, असे अँग्लिकनांतील कर्मठ पक्ष मानी; मग प्रेस्बिटेरियन व मेथडिस्ट पाळकांना पुन्हा दीक्षा द्यावयाची काय? दिली तर आजवर त्यांनी वाढलेले प्रभुभोजन व्यर्थ ठरते, न दिली तर परंपरा खंडित होते. दक्षिणेने धाडस केले: असलेले सर्व पाळक आहेत तसे ग्राह्य, नवे मात्र बिशपांच्या हातून, आणि तीस वर्षांनी स्थिती पाहून पुढचे ठरवू. इंग्लंडात या धाडसाने मोठी खळबळ माजली. ज्या टी. एस. एलियटना पुढे १९४८ साली नोबेल पारितोषिक मिळाले, त्यांनी १९४३ सालीच या योजनेविरुद्ध एक खरमरीत पुस्तिका लिहिली होती. हे ऐक्य नव्हे, विध्वंस आहे, असा तिचा रोख होता. तमिळ खेड्यातील मंडळीने एकत्र जेवावे की न जेवावे याचा निवाडा लंडनच्या कवीने करावा, हा त्या काळाचाच महिमा!

उत्तरेकडील वाटाघाटी १९२९ साली लखनौस सुरू झाल्या आणि नागपुरास संपल्या. मधली एकेचाळीस वर्षे त्यांनी घेतली. काही वाट आधीच चालून झाली होती. १९२४ साली प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल एक झाल्यामुळे नगर व नागपूर ही एका छताखाली आली होती. तरी दोन गाठी सुटेनात. पहिली दीक्षेची. दक्षिणेच्या उपायाने इंग्लंडात झालेला गहजब पाहून उत्तरेने निराळा तोडगा काढला: ऐक्याच्या दिवशी सर्व पंथांच्या प्रतिनिधींनी परस्परांच्या मस्तकावर हात ठेवावे, आणि ज्याच्या दीक्षेत जे न्यून असेल ते ईश्वराने भरून काढावे, अशी प्रार्थना करावी. न्यून कोणाच्या दीक्षेत होते याचा उच्चार कोणी करावयाचा नाही. अँग्लिकनाने मनात म्हणावे की त्यांना आता बिशपांचा स्पर्श मिळाला. प्रेस्बिटेरियनाने म्हणावे की यांनी अखेर आमची सेवा मान्य केली. या संदिग्धतेला टीकाकारांनी लबाडी म्हटले आहे. मला ती तशी वाटत नाही. ज्याने पिढीजात वाटण्यांची भांडणे मिटवली आहेत अशा कोणाही पंचाला ठाऊक असते, की तहनाम्यातील एखादे कलम मुद्दाम झाकलेले ठेवल्याखेरीज दोन्ही पक्षांना ताठ मानेने सही करता येत नाही.

दुसरी गाठ बाप्तिस्म्याची, आणि ती अधिक अवघड. कारण येथे झाकून ठेवण्यासारखे काही नव्हते. बॅप्टिस्ट आणि ब्रेदरेन मंडळ्यांच्या मते जाणत्या माणसाने स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करून पाण्यात बुडून घेतलेला तोच बाप्तिस्मा. इतरांच्या मते आईच्या मांडीवरील मुलालाही तो देणे उचित. अखेर दोन्ही पद्धती पर्याय म्हणून मान्य झाल्या. मूल लहान असताना बाप्तिस्मा द्यावा आणि जाणते झाल्यावर विश्वासाची कबुली घ्यावी, किंवा लहानपणी ईश्वरार्पण करून पुढे बाप्तिस्मा द्यावा. आईबापांनी निवड करावी. परंतु ज्याचा लहानपणी बाप्तिस्मा झाला आहे तोच मोठेपणी पाण्यात उतरण्याचा हट्ट धरू लागला तर काय, हा प्रश्न कोणा कारकुनाने काढलेली शंका नव्हती. तो प्रत्यक्ष घडणारा प्रसंग होता. एका पक्षाच्या दृष्टीने तो पहिल्या संस्काराचा उपमर्द, दुसऱ्याच्या दृष्टीने पहिलाच संस्कार. अशा माणसाला पाळकाने समजवावे, आणि तरीही त्याची सदसद्विवेकबुद्धी ऐकेना तर प्रकरण बिशपांकडे पाठवावे, अशी तजवीज करण्यात आली. पंथोपपंथांनी ज्यासाठी एकमेकांना नदीत बुडवून मारले होते, त्या वादाचा शेवट असा टपालाने व्हावा, यात मला तरी मोठे सांत्वन वाटते.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथीड्रलच्या आवारात सहा चर्चांची मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. सात व्हावयाची होती. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट वाटाघाटीत वर्षानुवर्षे सामील होते आणि मसुद्याला अनुकूलही होते. त्यांच्या परिषदेने अखेरच्या काही महिन्यांत कौल फिरवला. त्यामुळे आज मुंबई-पुण्यात सी.एन.आय.चे एक आणि मेथडिस्टांचे एक, अशी मंदिरे फर्लांगभर अंतरावर दिसतात.

आता खरी अडचण येथून पुढे सुरू होते. मसुदे करणाऱ्यांनी दीक्षेचा आणि बाप्तिस्म्याचा विचार चाळीस वर्षे केला. परंतु जमीनजुमल्याचा, शाळा-दवाखान्यांचा, ट्रस्टच्या दस्तऐवजांचा विचार त्या मानाने फार थोडा केला. ब्रेदरेन मंडळ्या गुजरातेत आणि डहाणूच्या बाजूस होत्या. त्यांतील काहींनी पुढे हे विलीनीकरण आपणांस मान्य नसल्याचे सांगून दिवाणी न्यायालयाचा दरवाजा ठोठावला. तो दावा एकामागून एक पायऱ्या चढत २०१३ साली सर्वोच्च न्यायालयात निकालास निघाला. केवळ धर्मसभेच्या ठरावाने सार्वजनिक न्यासाची मिळकत दुसऱ्या संस्थेत विलीन होत नाही, मुंबई सार्वजनिक न्यास अधिनियम, १९५०प्रमाणे विहित मार्गाने जावे लागते, असा त्या निर्णयाचा इत्यर्थ; अर्थात सी.एन.आय. हरली. ईश्वरापुढे जे एक झाले ते धर्मादाय आयुक्तांपुढे त्रेचाळीस वर्षांनंतरही दोनच होते.

याहून खोल असा दुसरा भेद आहे, आणि त्याविषयी ऐक्याच्या सभांत आजही घसा खाकरून बोलले जाते. प्रेस्बिटेरियन घरचा मुलगा आणि अँग्लिकन घरची मुलगी यांच्या सोयरिकीने आज कोणाची भुवई उंचावत नाही. पूर्वाश्रमीच्या महार आणि पूर्वाश्रमीच्या मांग घराण्यांत, दोन्ही एकाच मंडळीत पिढ्यानपिढ्या बसत असूनही, ती सोयरीक सहजी जुळत नाही. एडिंबरोचे भांडण आम्ही मिटवले. वेशीबाहेरचे मात्र मंदिरात घेऊन बसलो. उलट बाजूने पाहता, ज्या गोष्टीने सर्व पंथांना निरुपायाने एका रांगेत उभे केले तीही जातच. १० ऑगस्ट १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना त्यांत घेतले गेले, ख्रिस्ती मात्र बाहेर राहिले. नगर जिल्ह्यात एकाच आडनावाची, एकाच वाड्यातील दोन घरे, एक बौद्ध आणि एक ख्रिस्ती, सरकारी दप्तरात निरनिराळ्या रकान्यांत पडतात. या अन्यायाविरुद्ध निघणाऱ्या मोर्चात रोमन कॅथॉलिक धर्मगुरू आणि प्रॉटेस्टंट पाळक खांद्याला खांदा लावून चालतात, आणि प्रेषितांच्या परंपरेचा प्रश्न त्या दिवशी कोणी काढत नाही. प्रॉटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स चर्चांच्या राष्ट्रीय परिषदेची मुख्य कचेरी नागपुरासच आहे, हेही जाता जाता सांगितले पाहिजे.

रोमकडील बाजू या लेखात एव्हाना यावयास हवी होती. कॅथॉलिकांत फूट नव्हती असे समजण्याचे कारण नाही. मुंबई बेटावर १७९४पासून १९२८पर्यंत पोर्तुगालचा अधिकार मानणारे आणि थेट रोमला मानणारे, असे दोन कारभार शेजारी शेजारी चालले, आणि त्यांच्यातील कलहांनी कोर्टाची पायरी वारंवार झिजवली. पण बाहेरच्या ख्रिस्ती लोकांशी रोमचे वर्तन मात्र पिढ्यानपिढ्या एकच होते: तुम्ही परत या, मग बोलू. ते बदलले २१ नोव्हेंबर १९६४ रोजी, जेव्हा दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ऐक्याविषयीचा आपला ठराव प्रसृत करून इतर चर्चांतील लोकांना बंधू म्हटले. त्यानंतर अवघ्या अकरा दिवसांत पोप सहावे पॉल मुंबईस उतरले होते.

या बदलाचे फळ पाहावयाचे तर पुण्याच्या शिवाजीनगरात जावे. विन्स्लोंच्या ख्रिस्त सेवा संघाची ती जागा. व्हेरिअर एल्विन हिंदुस्थानात प्रथम आले ते या संघाबरोबरच. १९७०नंतरच्या पहिल्या काही वर्षांत तेथे ख्रिस्त प्रेम सेवा आश्रम नव्याने सुरू झाला, तो वाँटेजच्या अँग्लिकन भगिनी आणि सेक्रेड हार्टच्या कॅथॉलिक भगिनी यांनी मिळून. पारशी कुळात जन्मलेल्या वंदना माताजी आणि स्कॉटलंडहून आलेल्या, शांकर वेदान्ताच्या अभ्यासक सारा ग्रँट यांची नावे त्याच्याशी निगडित आहेत. टिळकांचा दरबार आणि रमाबाईंच्या वाँटेजकर भगिनी यांची गाठ अशी अर्ध्या शतकाने एका अंगणात पडली. एकत्र राहणे, एकत्र प्रार्थना करणे, एकत्र जेवणे जमले. वेदीवरील एकच प्याला मात्र नियमाने अद्यापि वेगळा. याच शहरात १८९० साली पंचहौद मिशनात कोण कोण चहा प्याले यावरून ग्रामण्य झाले होते आणि लोकमान्यांसारख्यांना प्रायश्चित्त घ्यावे लागले होते. त्या प्रकरणाला हसणाऱ्या ख्रिस्ती माणसाने आपल्या प्याल्याकडेही एकदा पाहावे.

मग आशेला जागा कोठे? जगाकडे पाहिले तर चित्र संमिश्र आहे. १९९९ साली आउग्सबुर्ग येथे लूथरन आणि कॅथॉलिक यांनी, ज्या मुद्द्यावरून सोळाव्या शतकात युरोप फाटला त्या मुद्द्यावर, म्हणजे माणूस देवापुढे नीतिमान कशाने ठरतो यावर, संयुक्त घोषणापत्र काढले. मेथडिस्ट आणि अँग्लिकनही पुढे त्यात आले. उलट २०१८ साली युक्रेनच्या प्रश्नावरून मॉस्कोने कॉन्स्टँटिनोपलशी असलेला सहभाग तोडला, आणि अमेरिकेतील मेथडिस्टांच्या हजारो मंडळ्या अलीकडेच बाहेर पडल्या. २०२५ साली नायसियाच्या धर्मसभेला १७०० वर्षे झाली, आणि त्या वर्षी पूर्वेचा व पश्चिमेचा ईस्टर पंचांगाच्या कृपेने २० एप्रिल या एकाच दिवशी आला. दोन्ही बाजूंचे धर्माध्यक्ष ही एकवाक्यता कायमची व्हावी असे बोलत आहेत, आणि बोलण्याला हरकत कोणाचीच नाही.

माझी आशा मात्र नागपूरच्या अनुभवावर बेतलेली आहे. ज्या प्रश्नांना पंडितांनी असाध्य म्हटले होते, ते दीक्षेचे आणि बाप्तिस्म्याचे प्रश्न सुटले आणि अर्धे शतक सुटलेले राहिले. नवी पिढी तर आपले आजोबा कोणत्या पंथाचे होते हे विचारल्यावर घरी जाऊन चौकशी करते. साउथ इंडिया, नॉर्थ इंडिया आणि केरळचे मार थोमा यांची संयुक्त परिषद १९७८पासून आहे, आणि तेथे मार थोमांनी आपले नाव, आपली उपासना राखूनही सहभाग दिला आहे. तेव्हा मेथडिस्टांशी बोलणी पुन्हा सुरू करावयाची असतील तर धर्मशास्त्राचे प्राध्यापक फार लागतील असे वाटत नाही. पहिल्या बैठकीस न्यास अधिनियम जाणणारा एक वकील बोलवावा, प्रत्येक मंदिराचा सातबारा आणि मालमत्तापत्रक मेजावर मांडावे. आणि सोयरिकीचा विषय निघेल तेव्हा कोणी सभागृहाबाहेर जाणार नाही, एवढे अध्यक्षांनी पाहावे.